कृत्रिम सहकारी, लष्करी विमानकर्मींच्या प्रशिक्षणातील

लष्करी विमानातील कर्मीला चमूने करावयाचे काम शिकविताना त्याच्या प्रत्यक्ष सहकाऱ्याची जागा घेणाऱ्या संगणकीय प्रतिरूपास कृत्रिम सहकारी असे म्हणतात. हे प्रतिरूप वैमानिक, मार्गनिर्देशक, रडारचालक, नियंत्रक किंवा शेजारून उडणाऱ्या दुसऱ्या विमानाचा वैमानिक यांपैकी एखाद्याची भूमिका पार पाडते. ते संदेश देते व घेते, परिस्थितीनुसार निर्णय करते आणि चमूच्या उद्दिष्टात आपला वाटा उचलते. विमानाच्या सदृशीकरणात यंत्राच्या वर्तनाची नक्कल केलेली असते (→ सदृशीकरण). कृत्रिम सहकाऱ्याच्या बाबतीत मात्र माणसाच्या वर्तनाची नक्कल करावयाची असते. त्यामुळे त्याच्या तांत्रिक गुणदोषांइतकेच महत्त्व त्याच्याबरोबर काम करणारे प्रशिक्षणार्थी व शिक्षक त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, याला आहे.

सदृशीकरणातील संगणकीय पात्रांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : (१) शत्रूची विमाने चालविणारे प्रतिस्पर्धी, (२) विमानतळ-नियंत्रक, इंधन पुरविणारे विमान, जवळपासची इतर विमाने यांसारखी पार्श्वभूमीतील पात्रे, आणि (३) प्रशिक्षणार्थ्याच्या स्वतःच्या चमूतील सहकारी. पहिले दोन प्रकार फार पूर्वीपासून वापरात असून ते विमानकर्मींनी विशेष कुरकुर न करता स्वीकारले आहेत. मतभेद आढळतात ते मुख्यतः तिसऱ्या प्रकाराविषयी.

गरज : अनेक लष्करी विमानांतील काम एकट्याने शिकता येत नाही. अमेरिकी नौदलाच्या ई-२ हॉकआय या हवाई पूर्वसूचना विमानात दोन वैमानिक व तीन यंत्रणाचालक असे पाच जण असतात. ई-३ या त्याहून मोठ्या विमानात चार जणांच्या उड्डाणचमूखेरीज रडार, संदेशवहन व नियंत्रण यांचे काम करणारे तेरा ते एकोणीस जण असतात. अशा चमूतील एका नवशिक्याला सराव द्यावयाचा, तर उरलेल्या सर्वांना एकत्र आणावे लागते. ते उपलब्ध नसतील, तर शिक्षक किंवा अनुभवी कर्मी त्यांच्या भूमिका वठवितात. परिणामी एका माणसाच्या शिक्षणासाठी अनेकांचा वेळ खर्ची पडतो आणि शिक्षकाचे मूळ काम, म्हणजे शिकणाऱ्याचे निरीक्षण, मागे पडते. कृत्रिम सहकाऱ्याची कल्पना प्रथम या अडचणीतून पुढे आली.

विमानकर्मीला दोन प्रकारची कौशल्ये आत्मसात करावी लागतात. उपकरणे हाताळणे, पडद्यावरील खुणांचा अर्थ लावणे ही वैयक्तिक कौशल्ये होत. आपल्याजवळची कोणती माहिती कोणाला व केव्हा हवी आहे हे ओळखणे, ती न मागता पुरविणे, दुसऱ्याची चूक वेळीच दाखवून देणे आणि त्याच्यावरील ताण वाढल्यास त्याला हात देणे, ही सांघिक कौशल्ये होत. दुसऱ्या प्रकारातील उणीव किती महागात पडू शकते, याचे एक ठळक उदाहरण १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकमध्ये घडले. अमेरिकेच्या दोन एफ-१५ लढाऊ विमानांनी आपल्याच भूसेनेची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे शत्रूची समजून पाडली व त्यांतील २६ जण मृत्युमुखी पडले. स्वकीय विमाने ओळखण्याची इलेक्ट्रॉनीय यंत्रणा त्या वेळी उपयोगी पडली नाही आणि लढाऊ वैमानिकांची डोळ्यांनी केलेली ओळखही चुकली. तथापि त्या प्रदेशावर देखरेख करणाऱ्या ई-३ विमानाशी हेलिकॉप्टरांचा आधी संपर्क झालेला होता. लढाऊ वैमानिकांनी आपल्याला दिसलेल्या विमानांची वार्ता त्याच ई-३ विमानाला दिली, तरीही पुढे स्वकीय हेलिकॉप्टरे आहेत असा इशारा त्यांना कोणी दिला नाही. आवश्यक माहिती चमूत होती. ती जेथे पोहोचावयास हवी होती तेथे पोहोचली नाही. सांघिक प्रशिक्षणाचा रोख नेमका अशा उणिवेवर असतो.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकी संशोधक एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये तयार केलेला भात्यांवर चालणारा प्रशिक्षक हा आधुनिक उड्डाण-सदृशकाचा पूर्वज मानला जातो. १९३४ मध्ये अमेरिकी भूसेनेच्या हवाई विभागाकडे टपाल वाहतुकीचे काम आले असता खराब हवामानात अनेक अपघात झाले. त्यानंतर या विभागाने अशी सहा यंत्रे खरेदी केली. हे यंत्र एका व्यक्तीसाठी होते. नियंत्रकाचे संदेश देण्याचे काम बाजूच्या मेजाशी बसलेला शिक्षक करीत असे. म्हणजे दूरच्या सहकाऱ्याची भूमिका वठविणे हे सदृशित प्रशिक्षणाच्या प्रारंभापासून शिक्षकाकडेच होते.

दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानांच्या चमूंना एकत्रित शिक्षण देण्याची निकड भासली. ताऱ्यांच्या साहाय्याने मार्ग काढण्याचा सराव देणारा लिंक यांचा प्रशिक्षक १९४१ मध्ये पुढे आला. धान्याच्या उंच कोठारासारख्या इमारतीत बसविलेल्या या यंत्रात वैमानिक, मार्गनिर्देशक, बाँब टाकणारा व बिनतारी संदेशक एकाच वेळी काम करीत. ब्रिटनमधील सिलॉथ येथे तयार झालेला व त्याच नावाने ओळखला गेलेला वायुचलित प्रशिक्षकही संपूर्ण चमूसाठी होता. या दोन्ही यंत्रांत सर्व भूमिका माणसेच करीत.

सांघिक प्रशिक्षणाचा शास्त्रीय अभ्यास १९५० नंतरच्या दशकात सुरू झाला. सँटा मॉनिका येथील रँड या संस्थेने १९५२ मध्ये हवाई संरक्षण केंद्राची प्रतिकृती उभारून प्रयोग केले. केंद्राबाहेरील जगाची, म्हणजे दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकावरील व्यक्तींची, भूमिका प्रयोगशाळेतील कर्मचारी वठवीत. सराव व त्यानंतरची चर्चा यांमुळे चमू पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक विमानांचा मागोवा घेऊ शकतो, असे या प्रयोगांत दिसून आले. यातूनच अमेरिकी हवाई दलासाठी एक व्यापक प्रशिक्षणयोजना आखण्यात आली. त्यानंतर घडलेल्या प्रसंगाची चमूने एकत्र बसून छाननी करणे, हा सदृशित प्रशिक्षणाचा अविभाज्य भाग बनला.

दूरदूरच्या सदृशकांना जाळ्याने जोडण्याचा सिमनेट हा प्रकल्प अमेरिकेत १९८३ मध्ये हाती घेण्यात आला. एवढ्या विस्तृत रणभूमीवर सर्व पात्रे माणसांनी चालविणे अशक्य असल्याने त्यात अर्धस्वयंचलित सैन्ये वापरली गेली : एक माणूस संगणकाच्या साहाय्याने अनेक वाहने हलवीत असे. पुढचा टप्पा म्हणजे १९९२ पासून विकसित झालेली टॅकएअर-सोअर ही प्रणाली होय. मानवी विचारप्रक्रियेचे प्रतिरूप म्हणून ॲलन न्यूएल, जॉन लेअर्ड व पॉल रोझनब्लूम यांनी रचलेल्या सोअर या मूळ प्रणालीवर ती आधारलेली आहे. तिच्यात लढाऊ वैमानिकाचे ज्ञान पाच हजारांहून अधिक नियमांच्या रूपात साठविलेले होते. ऑक्टोबर १९९७ मधील एका मोठ्या सदृशित युद्धसरावात तिने ४८ तासांत ७२२ उड्डाणांची जबाबदारी सांभाळली. या संगणकीय वैमानिकांना अग्रणी विमानाच्या मागे व्यूहात उडता येई, बिनतारी संदेशांची देवाणघेवाण करता येई आणि गट बदलल्यास आपली भूमिकाही बदलता येई. आपण अमुक निर्णय का घेतला, हे नंतर सांगू शकणारी एक जोडप्रणालीही या संशोधनातून तयार झाली.

रचना व कार्य : कृत्रिम सहकाऱ्याची सामान्यतः चार अंगे असतात. पहिले अंग परिस्थितीचे ज्ञान करून घेते. दुसरे संदेशांचा अर्थ लावते व संदेश तयार करते. तिसरे कामाविषयीचे ज्ञान व नियम साठविते. चौथे पुढील कृती निवडते. यांपैकी भाषेचे अंग दीर्घकाळ सर्वांत दुर्बळ राहिले. लष्करी बिनतारी संभाषणात ठराविक सांकेतिक शब्द वापरले जात असल्याने हे काम काहीसे सुकर होते. परंतु प्रत्यक्ष उड्डाणात घाई, ताण, अर्धवट वाक्ये, एकाच वेळी बोलणारे दोन आवाज आणि प्रसंगावरूनच कळणारे संदर्भ यांची सरमिसळ असते. माणूस सहकारी ‘पुढचा केव्हा?’ एवढ्यावरून अर्थ ओळखतो. नियमबद्ध प्रणालीला ‘पुढचा’ म्हणजे कोण, हे ठरवावे लागते.

कृत्रिम सहकाऱ्याचा सर्वांत सविस्तर अभ्यास अमेरिकी हवाई दलाची संशोधन प्रयोगशाळा व ॲरिझोना राज्य विद्यापीठातील संशोधक यांनी केला. त्यासाठी वैमानिकरहित विमान दुरून चालविणाऱ्या तीन जणांच्या चमूची प्रतिकृती निवडण्यात आली. मार्गनिर्देशक मार्ग व त्यावरील बंधने सांगतो. वैमानिक उंची व वेग सांभाळतो. छायाचित्रकार त्या उंचीला व वेगाला जुळेल असा कॅमेरा लावून ठरविलेल्या लक्ष्याचे छायाचित्र घेतो. प्रत्येकाजवळची माहिती वेगळी असल्याने परस्परांवाचून कोणाचेच काम होत नाही. काही चमूंत वैमानिकाची जागा ॲक्ट-आर या बोधनविषयक प्रतिरूपावर आधारलेल्या संगणकीय सहकाऱ्याला देण्यात आली, काहींत ती नवख्या माणसाला व काहींत तज्ज्ञाला दिली गेली. सर्व संदेश टंकलिखित असत.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष उद्‌बोधक आहेत. एकंदर कामगिरीत कृत्रिम वैमानिक असलेले चमू नवख्या माणसांच्या चमूंच्या बरोबरीस उतरले. मात्र प्रत्येक लक्ष्याचे काम उरकण्यात ते मागे पडले. कृत्रिम वैमानिक सांगितलेले काम करी, पण सहकाऱ्याला पुढे काय लागेल हे ओळखून माहिती आपणहून क्वचितच देई. याहून लक्षणीय म्हणजे त्याच्याबरोबरची माणसेही आपणहून माहिती पुरविण्यात कमी पडली. तज्ज्ञ वैमानिक असलेल्या चमूंत याच्या उलट घडले : योग्य वेळी योग्य माहिती मागण्याची व देण्याची त्याची रीत इतरांनीही उचलली. या प्रयोगातील सहभागी व्यक्ती बहुतांशी विद्यापीठातील असल्याने निष्कर्ष जसेच्या तसे अनुभवी विमानकर्मींना लावता येणार नाहीत. तथापि सहकाऱ्याची वागणूक संसर्गजन्य असते, मग तो माणूस असो वा यंत्र, एवढे त्यातून स्पष्ट होते.

प्रशिक्षणार्थ्यांचा दृष्टिकोन : विमानकर्मींची कृत्रिम सहकाऱ्याविषयीची वृत्ती सरसकट अनुकूल किंवा प्रतिकूल नसते, ती भूमिकेनुसार बदलते. प्रतिस्पर्धी यंत्र असण्याला सहसा आक्षेप नसतो, कारण शत्रूकडून सहकार्याची अपेक्षाच नसते. पार्श्वभूमीतील नियंत्रकाने ठराविक उत्तरे दिली, तरी चालते. परंतु आपल्या चमूतील व्यक्तीविषयी विमानकर्मीची अपेक्षा वेगळी असते. तिच्यावर त्याचे प्राण अवलंबून असतात आणि तिचा स्वभाव, तिच्या आवाजातील बदल, तिची दमणूक हेही त्याला ओळखता यावे लागते.

आक्षेप साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात. एक, कृत्रिम सहकारी फार बिनचूक असतो. तो संकेतशब्द विसरत नाही, चिडत नाही, गोंधळत नाही. त्यामुळे दुसऱ्याची चूक हेरून ती सुधारण्याचा सराव मिळत नाही. दोन, अनपेक्षित प्रसंगी तो एकाएकी निरुपयोगी ठरतो. तीन, शिकणारा कालांतराने यंत्राच्या खोडी ओळखतो व त्यांना सोयीचे असे वागू लागतो. म्हणजे तो विमानातील काम न शिकता सदृशकातील काम शिकतो. चार, काही प्रणालींना रणभूमीची जी माहिती माणसाला मिळणे शक्य नाही, तीही उपलब्ध असते. असे लक्षात आल्यास प्रशिक्षणार्थ्याचा संपूर्ण सरावावरील विश्वास उडतो.

याच्या दुसऱ्या बाजूस काही लाभही मान्य केले जातात. यंत्राबरोबर सराव केव्हाही करता येतो, एकच प्रसंग हवा तितक्या वेळा घडविता येतो आणि वरिष्ठांसमोर चूक होण्याचा संकोच राहत नाही. म्हणून नवशिक्यांना प्रारंभीच्या अवस्थेत, संदेशांचा क्रम व संकेत अंगवळणी पडेपर्यंत, कृत्रिम सहकारी उपयुक्त वाटणे स्वाभाविक आहे. जसजसे कौशल्य वाढते तसतशी सूक्ष्म देवाणघेवाणीची गरज वाढते व यंत्राच्या उणिवा अधिक जाणवू लागतात.

पूर्वग्रहाचाही यात वाटा असतो. माणसे संगणकाशीही नकळत सामाजिक शिष्टाचाराने वागतात, असे बायरन रीव्ह्‌ज व क्लिफर्ड नॅस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले होते. परंतु सांघिक कामात वेगळीही प्रवृत्ती दिसते. वर उल्लेखिलेल्या संशोधनमालेतील एका प्रयोगात वैमानिकाच्या जागी प्रत्यक्षात माणूस असतानाही तो यंत्र आहे, असे काही चमूंना सांगण्यात आले. केवळ या समजुतीचाही चमूच्या परस्परव्यवहारावर परिणाम झाला. म्हणजे कृत्रिम सहकाऱ्याची उपयुक्तता त्याच्या क्षमतेबरोबरच त्याच्याविषयी आधी काय सांगितले जाते, यावरही अवलंबून असते.

शिक्षक व प्रशासक यांचा दृष्टिकोन : शिक्षकांना कृत्रिम सहकाऱ्यामुळे भूमिका वठविण्याच्या कामातून मोकळीक मिळते. तरीही त्यांची वृत्ती सावध असते. अनुभवी शिक्षक भूमिका करताना शिकणाऱ्याची तयारी पाहून प्रसंग अवघड किंवा सोपा करतो, मुद्दाम चूक करून दाखवितो, तर कधी गप्प राहून पाहतो. यंत्राच्या वर्तनावर असा ताबा नसेल, तर प्रशिक्षणाची सूत्रे आपल्या हातून गेल्याची भावना त्याच्या मनात निर्माण होते. म्हणून यंत्राची पातळी बदलण्याची सोय, त्याने घेतलेल्या निर्णयांची कारणे नंतरच्या चर्चेत मिळणे आणि आवश्यक तेव्हा त्याची भूमिका माणसाने ताब्यात घेणे, या गोष्टी शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात.

प्रशासकांना खर्च व वेळ यांतील बचत आकर्षक वाटते. तथापि प्रतिरूप तयार करणे व ते अद्ययावत ठेवणे हाही मोठा खर्च असतो. डावपेच किंवा उपकरणे बदलली, की यंत्राचे ज्ञानही बदलावे लागते. बचत किती झाली यापेक्षा शिकलेले कौशल्य प्रत्यक्ष विमानात उतरले काय, ही खरी कसोटी होय.

विश्वासाचे प्रमाण : स्वयंचलित यंत्रणेवरील विश्वास जितका अधिक तितका चांगला, असे मानणे चुकीचे आहे. जॉन ली व कॅट्रीना सी यांनी २००४ मधील आपल्या विवेचनात विश्वास हा यंत्रणेच्या वास्तविक क्षमतेशी जुळणारा असावा, हे तत्त्व मांडले. क्षमतेहून अधिक विश्वास ठेवल्यास तिचा गैरवापर होतो. कमी ठेवल्यास ती पडून राहते. प्रशिक्षणात या तत्त्वाला आणखी एक बाजू आहे. सदृशकातील यंत्र-सहकाऱ्याविषयी लागलेली सवय प्रशिक्षणार्थी माणसांच्या चमूत बरोबर नेतो. यंत्राला सांगून उपयोग नाही, म्हणून न सांगण्याची सवय जडल्यास तीच प्रत्यक्ष उड्डाणात घातक ठरू शकते.

अलीकडील प्रगती : ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत झालेल्या सदृशित हवाई द्वंद्वांत एका संगणकीय प्रणालीने एफ-१६ विमानाच्या अनुभवी वैमानिकावर पाच विरुद्ध शून्य अशी मात केली. त्यानंतर त्याच संशोधनक्रमात एक्स-६२ए या प्रायोगिक विमानाचे नियंत्रण डिसेंबर २०२२ मध्ये अशा प्रणालींकडे सोपविण्यात आले आणि २०२३ मध्ये वैमानिक चालवीत असलेल्या एफ-१६ विमानाशी हवाई डावपेचांच्या चाचण्या झाल्या. सुरक्षिततेसाठी एक्स-६२ए विमानातही माणसे होती. वैमानिकाचा विश्वास मोजण्याचे प्रयत्नही या संशोधनात करण्यात आले. यंत्र विमान चालवीत असताना वैमानिक आपले दुसरे काम निश्चिंतपणे करतो की पुनःपुन्हा यंत्राकडे लक्ष देतो, हे पाहणे ही त्यामागील कल्पना होती.

भारतात हिंदुस्थान एरॉनॉटिक्स लि. या कंपनीने वैमानिकयुक्त विमानाबरोबर वैमानिकरहित विमाने वापरण्याची योजना फेब्रुवारी २०२१ मध्ये बंगळूर येथील प्रदर्शनात मांडली. अशा योजनांमुळे कृत्रिम सहकाऱ्याचा प्रश्न प्रशिक्षणापुरता राहिलेला नाही. पूर्वी तो अनुपस्थित माणसाची तात्पुरती जागा घेणारा होता. यापुढे तो प्रत्यक्ष मोहिमेतील सहकारी होण्याची शक्यता आहे. तसे झाल्यास सदृशकातील सरावात त्याला माणसासारखे भासविण्याचे कारण उरणार नाही. उलट त्याच्या मर्यादा ओळखून त्याच्याशी कसे वागावे, हाच शिक्षणाचा विषय होईल.

मूल्यमापन : भाषा-तंत्रज्ञानातील वेगवान प्रगतीमुळे संदेश समजण्याची अडचण पुष्कळशी कमी होत आहे. परंतु सफाईने बोलणारा सहकारी हा चांगला सहकारी असतोच असे नाही. न विचारता योग्य वेळी सांगणे हा त्याहून वेगळा गुण आहे. कृत्रिम सहकाऱ्याचा वापर प्राथमिक सरावापुरता करून उच्च सांघिक प्रशिक्षण माणसांच्या चमूतच द्यावे, त्याच्या क्षमता व उणिवा प्रशिक्षणार्थ्यांना आधीच स्पष्ट सांगाव्यात आणि शिक्षकाचा त्यावर पूर्ण ताबा असावा, या दिशेने उपलब्ध अनुभव निर्देश करतो. यंत्राबरोबर शिकलेला विमानकर्मी पुढे माणसाबरोबर बसला असता आपल्याजवळची माहिती वेळेवर देतो की नाही, यावरच या पद्धतीचे अंतिम मूल्य ठरेल.